‘अस्सल सेबरटूथ’ची पाटी आणि दातामागचा कागद

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दगड जमवणाऱ्यांचे पुण्याला अप्रूप नाही. वाघोलीच्या खाणीतल्या निळ्याशार कॅव्हनसाइट खनिजामुळे जगभरच्या संग्राहकांना या शहराचे नाव ठाऊक आहे. अलीकडे मात्र खनिजांच्या प्रदर्शनांत आणि त्याहून जास्त ऑनलाइन दुकानांत स्टिल्बाइट-अपोफिलाइटच्या शेजारी एक वाकडा, तपकिरी, वीतभर दात मांडलेला दिसतो आणि पाटीवर लिहिलेले असते, ‘सेबरटूथ टायगर, अस्सल’. आपल्या वाचकांपैकी कोणी असा दात घेणार असेल, भेट म्हणून आलेला कपाटात ठेवून बसले असेल किंवा मुलांना या छंदाची गोडी लावू पाहत असेल, तर चार गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचाव्यात म्हणून हे पत्र. लांबले आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर कायद्याचा भाग कापा, तपासणीचा ठेवा.

आधी नाव. लांब सुळ्यांचा हा नामशेष शिकारी प्राणी वाघ नव्हता. मार्जार कुळातली ही वेगळी शाखा आजच्या वाघ-सिंह-मांजरांच्या पूर्वजांपासून सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी फुटली. त्यातला सर्वांत प्रसिद्ध तो स्मायलोडॉन. पीटर लुंड या डॅनिश निसर्गअभ्यासकाने ब्राझीलमधल्या लागोआ सांता येथील गुहांतल्या हाडांवरून १८४२ साली त्याला हे नाव दिले. स्मायलोडॉन फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत राहिला आणि सुमारे १० हजार वर्षांपूर्वी संपला. त्यामुळे ‘हिमालयात सापडलेला स्मायलोडॉनचा दात’ अशी पाटी दिसली की पुढे काही विचारायची गरज उरत नाही. होमोथेरियम, मेगँटेरिऑन, मॅकायरोडस ही याच शाखेतली इतर नावे. हॉप्लोफोनिअस आणि डायनिक्टिस तर मांजरेही नव्हती. ती निम्राव्हिड या निराळ्या कुळातली. दक्षिण अमेरिकेतला थायलाकोस्मिलस आजच्या कांगारूंसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांच्या जवळचा. लांब सुळे निसर्गाने पुन्हा पुन्हा घडवले, म्हणून नुसते ‘सेबरटूथ’ म्हणणे म्हणजे आंबा विकताना नुसते ‘फळ’ म्हणण्यासारखे आहे. आम्ही मराठीत ‘खड्गदंती’ म्हणतो. वर्तमानपत्रांनीही ‘वाघ’ शब्द टाळावा, ही विनंती.

पुण्याच्या आसपास असा दात सापडेल का, हा प्रश्न हमखास येतो. इथला काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सर्वांत जुना सस्तन खड्गदंती शिकारी त्यानंतर दीडेक कोटी वर्षांनी आला, तेव्हा टेकडीवर हातोडी चालवून उपयोग नाही. घोड, भीमा, गोदावरी, मांजरा यांच्या काठच्या जुन्या गाळात हाडे मिळतात ती रानबैल, हत्ती, पाणघोडा यांची. भारतात खड्गदंतींसाठी जागा हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांची. तिथल्या पिंजोर थरांतून मेगँटेरिऑनचे अवशेष मिळाले आणि त्याच्या एका जातीला ब्रिटिश जीवाश्म अभ्यासक ह्यू फाल्कनरचे नाव आहे. फाल्कनर आणि गंगेचा कालवा बांधणारा प्रॉबी कॉटली यांनी १८३० च्या दशकात शिवालिकची हाडे गोळा केली आणि त्या कामासाठी १८३७ मध्ये दोघांना लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे वोलास्टन पदक मिळाले. तिथेही शेकडो हत्ती-बैलांच्या हाडांमागे मांसभक्षकाचे एखादे. कारण सरळ आहे, रानात हरणे पुष्कळ आणि शिकारी मोजके. हे प्रमाण उलटे दिसते ते लॉस एंजेलिसच्या ला ब्रेया डांबरकुंडांत. डांबरात रुतलेल्या एका जनावराच्या ओरडण्यावर दहा शिकारी धावत येत आणि तेही रुतत. तिथल्या सस्तन प्राण्यांच्या हाडांपैकी सुमारे ९० टक्के मांसभक्षकांची आहेत आणि एकट्या स्मायलोडॉनचे २ हजारांहून जास्त प्राणी मोजले गेले आहेत. एवढे मिळूनही ते विक्रीला येत नाहीत. जवळजवळ सगळे संग्रहालयांच्या मालकीचे आहेत. म्हणून ‘ला ब्रेयाचा दात’ विकणाऱ्याला फक्त एवढेच विचारावे, ‘संग्रहालयातून बाहेर कसा आला?’

आता मुख्य मुद्दा, दात हातात आल्यावर काय पाहायचे.

पहिली नजर आडव्या छेदावर. वाघाचा सुळा जाडजूड आणि छेदात लंबगोल असतो, खड्गदंतीचा दोन्ही बाजूंनी चपटा, कट्यारीच्या पात्यासारखा. मग मागच्या कडेवरून नख हलकेच ओढावे. होमोथेरियमच्या कडेला करवतीचे दाते जाडे, नखाला स्पष्ट लागतात. स्मायलोडॉनचे दाते बारीक आणि वयात आलेल्या प्राण्यात झिजून जवळजवळ नाहीसे होतात. विक्रेत्याने ‘स्मायलोडॉन’ म्हणून दिलेल्या दाताला मुळापासून टोकापर्यंत एकसारखे ठळक दाते असतील, तर ते कानशीने पाडलेले असण्याची शक्यता जास्त. लांबीही पाहावी. उत्तर अमेरिकेतल्या स्मायलोडॉनचा सुळा मुळासकट सुमारे १८ सेंटिमीटर, दक्षिणेतल्या मोठ्या जातीचा सुमारे २८. यातला बराच भाग जबड्याच्या हाडात रुतलेला असे, म्हणजे खऱ्या दाताला लांब, खरबरीत, बिनचकाकीचे मूळ असायलाच हवे. टोकापासून बुडापर्यंत सारखीच चकाकी म्हणजे वॉर्निश.

दुसरी नजर दहापट भिंगातून. साच्यातून काढलेल्या प्रतिकृतीला दोन्ही कडांवरून एक जोडरेघ गेलेली असते. ती घासून काढली तरी तिच्या जागी सपाट पट्टी राहते. पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याहून लहान गोल खड्डे दिसले तर ते हवेचे बुडबुडे. खऱ्या दातात भेगा असतात त्या लांबीच्या दिशेने धावतात, इनॅमल म्हणजे वरचे कठीण कवच फोडून खालच्या डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या हाडासारख्या मुख्य भागात, उतरतात आणि त्यांच्या तळाशी माती अडकलेली असते. रंगवलेल्या भेगा इनॅमलच्या कडेपाशी थांबत नाहीत आणि खोलही जात नाहीत.

तिसरी तपासणी घनतेची, आणि ती स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते. दाताचे वजन करा. मग काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून आकडा शून्य करा. दात क्लिंग फिल्ममध्ये घट्ट लपेटून दोऱ्याने पाण्यात असा सोडा की पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर त्याचे आकारमान. वजन १३२ ग्रॅम आणि काट्यावर ५५ आले तर घनता २.४. जीवाश्म झालेले दात सहसा २ च्या वर जातात, नुसत्या रेझिनची प्रतिकृती १.१ ते १.२ च्या आसपास राहते. चूक होते ती दोन ठिकाणी. फिल्मखाली हवा अडकली तर घनता खोटी कमी येते, आणि दगडाची पूड मिसळलेले रेझिन आकडा वर नेते. म्हणून हा आकडा एकटा पुरावा नव्हे. फिल्मशिवाय दात पाण्यात बुडवू नये. डेंटिन पाणी पिते, इनॅमल पीत नाही, दोघे वेगवेगळे फुगतात आणि मधून पापुद्रा सुटतो. गरम सुई टोचून प्लॅस्टिकचा वास घेण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. दात खरा निघाला तर कायमचे भोक पडते, आणि पूडमिश्रित रेझिनला कधी कधी वासही येत नाही. करू नये.

पूर्ण खोटा दात ओळखणे तसे सोपे. डोकेदुखी असते ती अर्धवट खऱ्याची. मूळ एका दाताचे, टोक दुसऱ्याचे, मधली चार सेंटिमीटर प्लॅस्टर, वरून रंग. इथे ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च कामी येतो. डिंक आणि इपॉक्सी अंधारात बहुधा निळसर-पांढरे चमकतात. पण खरा जीवाश्मही चमकू शकतो, चमकणे हा दोष नाही. चमक जिथे एकदम, रेघ मारल्यासारखी बदलते ती जागा पाहायची. तिथे अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा विक्रेत्याच्या परवानगीने फिरवावा. रंग बोळ्यावर आला तर डागडुजी ठरली. याहून पक्के हवे असेल तर ओळखीच्या दंतवैद्याकडे जावे. तोंडातल्या दाताच्या एक्स-रेची छोटी फिल्म तीन-चार वेळा सरकवून घेतली की सबंध सुळा बसतो. इनॅमल पांढरेशुभ्र, डेंटिन करडे, मधली पोकळी काळी, आणि प्लॅस्टर किंवा इपॉक्सीची भर वेगळ्याच छटेत, बहुधा आत तारेचा तुकडा घेऊन बसलेली दिसते. डागडुजी असणे गुन्हा नाही. वीतभर कवटीचे हॉप्लोफोनिअस जमिनीतून अखंड निघतात असे कोणी समजू नये. किती टक्के भर आहे हे लिहून न देणे, हा गुन्हा.

कायद्याचे थोडक्यात. अर्जेंटिनात २००३ च्या कायद्याने आणि ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म राष्ट्राची मालमत्ता आहेत. चीनने २०११ च्या नियमांनी निर्यात परवान्याखाली आणली. म्हणजे दक्षिण अमेरिकेतला २८ सेंटिमीटरचा ‘अस्सल’ सुळा बाजारात दिसला तर तो एकतर खोटा किंवा चोरीचा, असे धरून चालावे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरचे कणा असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म २००९ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय उचलता येत नाहीत, आणि परवान्याने उचललेलेही सार्वजनिक मालकीचेच राहतात. खाजगी जमिनीवरचे जमीनमालकाचे. त्यामुळे कायदेशीर खरेदीत बहुतेक वेळा दिसतात ते साउथ डकोटा, नेब्रास्का, वायोमिंगच्या खाजगी कुरणांतले व्हाइट रिव्हर थरांचे निम्राव्हिड, सुमारे ३ कोटी ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे. पावतीवर कुरणाचा तालुका (तिकडची काउंटी), थराचे नाव आणि जमीनमालकाच्या संमतीचा उल्लेख मागावा. आपल्याकडे केंद्रीय खाण मंत्रालयाने भू-वारसा स्थळांबाबतच्या विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये मांडला होता. कायदा काहीही म्हणो, शिवालिकच्या ओढ्यात हाड दिसले तर उपटू नये. ज्या थरात ते आहे त्या थरातच त्याचे वय लिहिलेले असते. मोजपट्टी ठेवून जवळचा एक, दरड दिसेल असा दुरून एक असे फोटो काढावेत, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपावेत आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. तिकडे गेलातच तर हिमाचलमधले साकेतीचे जीवाश्म उद्यान पाहावे. १९७४ साली उघडलेल्या या उद्यानात शिवालिकच्या प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभे आहेत.

आता घरी आलेल्या दाताची निगा. पुण्यात यातच सर्वाधिक दात मरतात. मे महिन्याच्या दुपारी इथली हवा कोरडी ठक्क, जुलैत भिंतीला ओल. दर वर्षीच्या या ओढाताणीत डेंटिन आकसते-फुगते आणि इनॅमल जागचे हलत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत उभ्या भेगा रुंद होतात आणि एके दिवशी कपाट उघडले की टोकाचा पापुद्रा खाली पडलेला. उपाय साधा आहे. झाकण घट्ट बसणारा डबा, आत फोमचा दाताच्या आकाराचा खळगा, एक लहान आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायची. उत्साहाने मूठभर ताजे जेल टाकणारे आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत खाली आणतात आणि जो दात ओलीने मेला नसता तो कोरडेपणाने फुटतो. दोन-तीन पुड्यांनी सुरुवात करावी, आठवडाभर आकडा पाहावा, मग कमी-जास्त. शोकेसमधला हॅलोजनचा दिवा काढून टाकावा.

दात भुसभुशीत असेल तर त्याला पॅरालॉइड बी-७२ (अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणारे अ‍ॅक्रिलिक रेझिन) पाजावे लागते. १०० मिलिलिटर अ‍ॅसिटोनला ५ ग्रॅम. दाणे सरळ बाटलीत टाकले की तळाशी एक चिकट गोळा होऊन बसतो आणि दिवसभर हलवून विरघळत नाही. मलमलच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत वरच्या बाजूला टांगून रात्रभर ठेवावेत, विरघळलेले जड द्रावण आपोआप खाली उतरते. बरणी काचेचीच हवी, थर्माकोल आणि बरीच प्लॅस्टिकची झाकणे अ‍ॅसिटोन खाते. गॅसची शेगडी, उदबत्ती बंद, खिडकी उघडी. बारीक ब्रशने थेंब थेंब सोडायचे, पिणे थांबले की थांबायचे. वर चकाकी राहिली तर अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसून घ्यायची. आणि हे काम पावसाळ्यात काढू नये. अ‍ॅसिटोन झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि दातावर पांढरी बुरशीसारखी साय येते. घाबरून लोक वर आणखी थर देतात, ती साय आत कायमची कोंडली जाते. दिवाळी उलटल्यानंतरची कोरडी हवा उत्तम. सुपरग्लू आणि लाकडाला लावायचा पांढरा डिंक दोन्ही वर्ज्य. पुढे पिवळे पडतात आणि सहजासहजी निघत नाहीत. बी-७२ चा गुण हाच की पन्नास वर्षांनीही अ‍ॅसिटोनने सुटतो. व्हाइट रिव्हरच्या कवटीला माती चिकटलेली आली तर नळाखाली धरू नये. त्या गाळात फुगणारी चिकणमाती असते, ती पाणी पिऊन हाडाला आतून उकलते. सुई, मऊ ब्रश आणि संयम.

नंबर दातावरच घालावा, पण नको त्या जागी नको. मुळाच्या मागच्या बाजूला बी-७२ चा नखाएवढा ठिपका, वाळल्यावर काळ्या शाईने आकडा, वर पुन्हा एक थर. तोच आकडा चिठ्ठीवर आणि वहीत. चिठ्ठीवर प्राण्याचे नाव, कोणता दात (वरचा डावा सुळा की उजवा), थर, ठिकाण, कोणी आणि केव्हा काढला, पावतीचा क्रमांक, किती टक्के डागडुजी. चिठ्ठी हरवली की लाखाचा दात पेपरवेट होतो. आमच्या मते कागद भक्कम आणि दात किरकोळ असलेला संग्रह, दात देखणा आणि कागद नसलेल्या संग्रहापेक्षा कधीही सरस.

शाळांना आणि नवशिक्यांना आमचा सल्ला स्वच्छ आहे, प्रतिकृती घ्या किंवा स्वतः ओता. चांगली प्रतिकृती लाजिरवाणी नसते, जगभरची संग्रहालये एकमेकांना त्याच देतात. एका प्रतिकृतीवरून दुसरी करताना टिन-प्रकारचे सिलिकॉन रबर वापरावे. प्लॅटिनम-प्रकारचे सिलिकॉन गंधकवाल्या मॉडेलिंग क्लेला लागले की वाळतच नाही, कडेला चिकट राहते. अर्धा दात क्लेमध्ये रोवून कडेने चार खाचा पाडायच्या, बाजूला कार्डबोर्डची भिंत, रबर उंचावरून बारीक धारेने एका कोपऱ्यात ओतायचे म्हणजे बुडबुडे वाटेतच फुटतात. हार्डनर डब्यावर लिहिले असेल तितकाच, सहसा २ ते ३ टक्के. उन्हाळ्यात घाई होते म्हणून कमी घातला तर दुसऱ्या दिवशीही रबर लिबलिबीत. २४ तासांनी क्ले काढून, व्हॅसलीनचा पातळ हात फिरवून दुसरी बाजू. व्हॅसलीन विसरलात तर दोन्ही अर्धे एकजीव होतात आणि सुरीच चालवावी लागते. ओतायला दंतवैद्यकीय सामानाच्या दुकानातला डेंटल स्टोन: १०० ग्रॅमला ३० मिलिलिटर पाणी. पूड पाण्यात सोडायची, पाणी पुडीत नाही. अर्धा मिनिट भिजू द्यायची, मग घोटायची, फेटायची नाही. पाणी सढळ हाताने घातले की टोक खडूसारखे होऊन पहिल्याच हाताळणीत तुटते. साचा टोक खाली करून धरावा, आधी चमचाभर ओतून टोकापर्यंत फिरवावा, मग भरावा, नाहीतर हवा नेमकी टोकात अडकते. मधून २ मिलिमीटरची पितळी तार घालावी, लोखंडी तार गंजून वर्षभरात तांबडा डाग बाहेर काढते. खऱ्या दातावर मात्र सिलिकॉन ओतू नये. तेल डेंटिनमध्ये झिरपून काळा डाग पडतो आणि सोलताना इनॅमल रबराबरोबर येते.

प्रदर्शन भरवणाऱ्यांकडे एकच मागणी. प्रत्येक खड्गदंती दाताच्या पाटीवर ‘प्रतिकृती’, ‘डागडुजीसह’ किंवा ‘अस्सल’ यांपैकी एक शब्द ठळक लिहावा, आणि ‘अस्सल’ असेल तिथे थर आणि ठिकाण. पाटीवर तेवढी जागा असते. किंमत लिहायला असतेच.

आपले,
पुण्यातील काही जीवाश्म अभ्यासक

ता. क. – स्वस्तात मिळणारा ‘सेबरटूथ’ कधी कधी खरोखरच दात असतो, पण वाघाचा किंवा बिबट्याचा, चहापत्तीच्या पाण्यात रंगवून जुना केलेला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली तो जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे आणि ‘जीवाश्म समजून घेतला’ या सबबीवर भिस्त ठेवू नये. छेद लंबगोल, मूळ पिवळसर आणि तेलकट, खरवडल्यावर केस जळल्यासारखा वास, असे काही जाणवले तर पैसे देण्याआधी तिथून निघावे आणि वनखात्याला कळवावे.